पिंगळ्याची मराठी

"चारशे बारा ओळी?" किकलीकर मास्तर हसले. "अरे पुष्कर, चारशे बारा ओळी म्हणजे किती? सहामाहीच्या पेपरात एवढ्या ओळी मी चहा निवायच्या आत तपासत होतो. आठ दिवसांत हातावेगळं करतो तुझं काम. आणि माझं भाषांतर वाचलंस ना, की मूळ इंग्रजीच तुला भाषांतर वाटायला लागेल."

हे वाक्य मास्तरांनी साताऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून उच्चारलं, आणि आत गोदावरीबाईंच्या हातातली पळी थांबली. छत्तीस वर्षांच्या संसारात 'हातावेगळं करतो' हे शब्द त्यांनी तीनदा ऐकले होते. पहिल्या वेळी मोरीचा नळ कायमचा गेला. दुसऱ्या वेळी नणंदेच्या लग्नातला आचारी गेला, तो जेवणावळीच्या दिवशीच. तिसऱ्या वेळी काय गेलं ते त्या अजून कुणाला सांगत नाहीत.

पुष्कर हा मास्तरांचा भाचा. सांगलीच्या एका कॉलेजात तो मुलांना संगणक शिकवायचा, आणि सन नव्याण्णवच्या त्या फेब्रुवारीत तो मामांकडे जे घेऊन आला होता ते एक भेंडोळं होतं. कडेला भोकं पाडलेला लांबलचक कागद, त्यावर इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा, पुन्हा इंग्रजी वाक्य, पुन्हा रिकामी जागा. हॉलंडमधल्या कुणा गृहस्थाने वाचनालयांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. पुस्तक कुणी नेलं, कधी नेलं, परत आलं का, हे सगळं तो लक्षात ठेवायचा. प्रोग्राम पडद्यावर जी जी वाक्यं बोलायचा, ती सगळी या भेंडोळ्यात उतरवलेली होती.

"आणि तो डच माणूस आपल्याला हे करू देतो?" मास्तरांनी विचारलं.

"देतो म्हणजे काय मामा, त्याला तेच हवंय. बाकीच्यांचे प्रोग्राम शिवून बंद केलेले असतात. याचं पोट उघडं आहे. कुणीही आत बघावं, चुकलं असेल ते दुरुस्त करावं, आपल्या भाषेत आणावं आणि पुढच्याला द्यावं. एवढीच त्याची अट."

ही अट मास्तरांना फार आवडली. त्यांनी स्वतः बत्तीस वर्षं मराठीच्या बाबतीत हेच केलं होतं, फक्त त्याबद्दल हॉलंडहून कुणी कागद पाठवला नव्हता.

आता हे सगळं कशासाठी, तर विजयमालासाठी.

विजयमाला साबळे ही साताऱ्याजवळच्या खडकेवाडीच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. मास्तर खडकेवाडीच्या हायस्कूलात मराठी शिकवायचे, तेव्हा ही पोरगी वर्गात पहिल्या बाकावर बसून त्यांच्या आधी कवितेची पुढची ओळ म्हणायची. दहावीला मराठीत तिला अठ्ठ्याऐंशी मिळाले आणि इंग्रजीत ती सात मार्कांनी गेली. दुसऱ्यांदा बसली, दोन मार्कांनी गेली. तिसऱ्यांदा बसायच्या आत लग्न झालं. पण पुस्तकांचं वेड गेलं नाही. गेली नऊ वर्षं ती वाचनालयाच्या खुर्चीवर होती, आणि कुठलं पुस्तक कुणाच्या घरात उशाखाली आहे हे तिला रजिस्टर न उघडता सांगता येत होतं.

मग गावातल्या माजी सैनिकांनी मिळून वाचनालयाला संगणक दिला. फार चांगली गोष्ट झाली. फक्त वाचनालयाचे अध्यक्ष सुभेदार लालासाहेब शेडगे संगणकाला हार घालून मागे वळले आणि म्हणाले, "आता इंग्रजी येणारा मानूस बसवाय पायजे हितं." असा माणूस त्यांना फार लांब शोधावा लागला नाही. त्यांचा पुतण्या शिवतेज साताऱ्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि 'हँग झाला' हा शब्द तो दिवसातून वीस वेळा वापरायचा.

विजयमाला साताऱ्याला आली ती थेट मास्तरांच्या ओट्यावर. रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, नऊ वर्सं झाली. पुस्तकं मला वळखत्यात. पर त्यो डबा इंग्रजीत बोलतोय. दोन बारीला इंग्रजीनं पाडलं, आता तिसऱ्या बारीला खुर्चीवरनं पाडणार."

मास्तर ताडकन उभे राहिले. "डब्याला मराठी शिकवतो मी," ते म्हणाले. "अक्षय्य तृतीयेला सगळ्या गावासमोर तो मराठीत बोलेल, आणि तुझ्या हाताखाली बोलेल. सांग त्या सुभेदारांना."

सुभेदारांना सांगितलं गेलं. ते म्हणाले, "बोलला तर ऱ्हाईल ती. न्हाई बोलला तर दुसऱ्या दिवशी शिवतेज." सैन्यातला माणूस, शब्द दिला म्हणजे दिला, आणि हा तर दोन्ही बाजूंनी धार असलेला होता.

मास्तर कामाला बसले. पहिल्याच ओळीला अडले. प्रोग्रामचं नाव इंग्रजीत घुबड होतं, आणि उघडताक्षणी तो घुबडाच्या वतीने स्वागत करायचा.

"शुभकार्याला घुबड?" गोदावरीबाई म्हणाल्या. "अहो, लोक पायरीवरूनच परत जातील."

मास्तरांनी डोळे मिटले, मान डोलवली आणि लिहिलं: 'पिंगळा आपले स्वागत करीत आहे.' पिंगळा म्हणजे घुबडाच्याच जातीतला छोटा पक्षी, आणि पिंगळा म्हणजे पहाटे कंदील घेऊन दारोदार शुभ बोलत फिरणारा भिक्षेकरीही. एका शब्दात दोन्ही कामं झाली. मास्तर स्वतःवर इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी दुसरी ओळ लिहिलीच नाही.

पण या यशाने एक गोष्ट बिघडली. आपल्याला नुसतं भाषांतर करायचं नाही, तर या डच प्रोग्रामला चांगल्या घरच्या चार सवयी लावायच्या आहेत, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. कारण मूळ प्रोग्रामची जीभ फार वाईट होती. जरा खुट्ट झालं की 'प्राणघातक चूक' म्हणायचा. एका ओळीत तर मूल मारल्याचा उल्लेख होता.

"कुणाचं मूल?" गोदावरीबाई दचकून म्हणाल्या.

"खरं मूल नाही गं. एका कामातून दुसरं काम निघतं, त्याला ते लोक मूल म्हणतात."

"काहीही म्हणोत. तिन्हीसांजेला घरात बसून मेलं-मारलं लिहू नका."

मास्तरांनी लिहिलं: 'धाकटे काम शांत झाले.' 'प्राणघातक चूक' याचं झालं 'किंचित अडचण आली आहे'. थांबायला सांगणाऱ्या ओळीला त्यांनी लिहिलं 'कृपया बसून घ्यावे'. फाईल 'बंद करू का?' हे तर आपल्याकडे कुणी म्हणतच नाही. दुकानदारसुद्धा दुकान बंद करत नाही, वाढवतो. म्हणून 'फाईल वाढवू का?' आणि शेवटी, सगळं काम संपवून प्रोग्राम निरोप घेतो तिथे नुसतं 'जातो' लिहायला मास्तरांचा हात धजेना. घरातून निघताना 'जातो' म्हणतं का कुणी? त्यांनी लिहिलं: 'येतो.'

आठ दिवसांचं काम पाच आठवड्यांत झालं. मार्चच्या मध्यावर पुष्कर सांगलीहून एक कार्ड घेऊन आला. ते संगणकाच्या आत बसवलं की पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटायची. त्याने खडकेवाडीला जाऊन ते बसवलं, कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, मामांची वाक्यं आत घातली आणि कॉलेजच्या परीक्षा आल्या म्हणून घाईने परत गेला. भाषांतर वाचून बघायला त्याला सवड झाली नाही. मामांनी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, त्यात मी काय बघणार, असं तो म्हणाला. हे त्याचं बोलणं पुढे बराच काळ घरात उद्धृत होत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या शेजारच्या घरी फोन वाजला. खडकेवाडीच्या एस.टी.डी. बूथवरून विजयमाला बोलत होती.

"सर, त्यो येतो म्हणून गेलाय. दीड तास झाला, आजून आला न्हाई."

"अगं, येतो म्हणजे तो गेला!"

"गेला? मग येतो कशापायी म्हणाला?"

"तू नाही का घरातून निघताना येते म्हणत?"

पलीकडे विजयमाला हसत सुटली. "आवं सर, मी दाराशी बसून ऱ्हायली की. म्हनलं पावना येनार म्हणतोय, कुलूप कसं लावावं?"

त्या एका फोनने तिची भीती गेली. येतो म्हणून जाणारा डबा म्हणजे आपल्यातलाच डबा, असं तिला वाटलं असावं. पुढच्या तीन आठवड्यांत तिने वाचनालयाची सगळी पुस्तकं आणि एकशे त्रेचाळीस सभासद एका बोटाने टायपून त्यात घातले. रोजची देवघेव मात्र ती अजून रजिस्टरातच करत होती. पिंगळ्याने पहिलं पुस्तक मुहूर्तावर द्यायचं, असं ठरलं होतं.

अक्षय्य तृतीयेला वाचनालयासमोर मांडव पडला. सुट्टी म्हणून पुष्करही आला. पडदा टेबलावरच्या परातीएवढा, आणि गाव लोटलेलं, तेव्हा मागच्यांना दिसणार काय? मास्तरांनीच तोड काढली. वाचनालयाच्या छपरावर कर्णा होता, त्याचा माइक त्यांनी हातात घेतला. "पिंगळा पडद्यावर जे जे बोलेल, ते ते मी जसंच्या तसं वाचून दाखवीन," त्यांनी जाहीर केलं. कर्ण्याचा आवाज उसाच्या शिवारातून थेट माळावरच्या वस्तीपर्यंत जात होता.

लालासाहेबांना खुर्चीत बसवून मोठा झेंडूचा हार घातला, कपाळाला गंध लावलं. विजयमाला नवी साडी नेसून संगणकासमोर बसली. तिच्या मागे शिवतेज हाताची घडी घालून उभा राहिला. उद्या आपण कुठे बसायचं ते त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

"पिंगळा आपले स्वागत करीत आहे," मास्तर गरजले. टाळ्या पडल्या.

विजयमालाने एक कळ दाबली. "कृपया बसून घ्यावे," मास्तरांनी वाचलं, आणि उभं असलेलं सगळं गाव खाली बसलं. पुष्करने मामांकडे चमकून बघितलं. त्याला काहीतरी वेगळं अपेक्षित होतं, पण एवढी माणसं त्या एका ओळीने बसलेली पाहून त्याने टोकायचं सोडून दिलं.

"पयलं पुस्तक अध्यक्षांना," विजयमाला म्हणाली. शिवचरित्राचं एक जाडजूड पुस्तक तिने पुढे केलं, लालासाहेबांचं नाव टायपलं आणि कळ दाबली. पडद्यावर दोन ओळी आल्या. त्या वाचून विजयमालाचा हात तोंडावर गेला. तिने मास्तरांकडे पाहिलं, पण मास्तर तोपर्यंत वाचनाच्या भरात होते. बत्तीस वर्षं फळ्यावरचं वाचलेला माणूस, डोळ्यांनी अक्षर टिपलं की तोंडातून बाहेर, मध्ये डोकं लागत नाही.

"सभासद कै. सुभेदार लालासाहेब शेडगे हे कैलासवासी झाले आहेत," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. "कुटुंबीयांनी त्यांच्याकडील पुस्तके परत करावीत."

आणि वीज गेली.

कर्णा मेला, पंखा थांबला. मास्तरांनी माइकवर "नाही, नाही, थांबा" असं तीनदा सांगितलं, ते पहिल्या रांगेपलीकडे गेलं नाही. संगणकाच्या मागे मात्र बॅटरीचा एक डबा होता. तो वीज गेल्यावर वीस मिनिटं पडदा जागा ठेवायचा आणि सारखा पीप पीप करायचा. त्या पीप पीपमध्ये कैलासवासी लालासाहेब पडद्यावर ठळक दिसत राहिले.

राग आला की डोळे मिटून शंभर मोजायचे, अशी लालासाहेबांना फौजेतली सवय होती. ते गळ्यात हार, कपाळाला गंध, ताठ पाठीने डोळे मिटून खुर्चीत बसले.

"नावात चूक झाली असेल," मास्तर घाम पुसत म्हणाले. "दुसरं कुणाचं तरी बघ."

विजयमालाने केरबा मामांचं नाव घातलं. केरबा मामा पुढच्याच रांगेत तंबाखू मळत बसले होते. तेही कैलासवासी निघाले.

"मी बी?" केरबा मामांनी तंबाखू तशीच धरून विचारलं. "कवा?"

मग माणसं उठली. "माझं बघ", "आमच्या दादाचं बघ" करत टेबलाभोवती गर्दी झाली. पोस्टमन कैलासवासी. तलाठी कैलासवासी. भजनी मंडळातला पखवाजवाला कैलासवासी, आणि पेटीवाला तेवढा जिवंत, म्हणून त्या दोघांत तिथेच बोलाचाली झाली. एकशे त्रेचाळीस सभासदांतले ब्याण्णव पिंगळ्याने आधीच वर पाठवले होते.

इतक्यात मांडवाच्या तोंडाशी टाहो ऐकू आला. लालासाहेबांची थोरली बहीण हरणाबाई माळावरच्या वस्तीतून धावत आली होती. कर्ण्यावर नाव तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि मागून आख्खी वस्ती चालत येत होती. गर्दी फाकली आणि तिला समोर भाऊ दिसला. खुर्चीत बसवलेला, हार घातलेला, गंध लावलेला, डोळे मिटलेला.

"लालू रं माज्या! सकाळी तर पुरनपोळी खाल्लीस रं!" हरणाबाईने त्याच्या पायावर अंग टाकलं.

लालासाहेबांनी डोळे उघडले. "आक्का, गप की जरा. तिसऱ्या बारीला त्र्याहत्तरपातूर आलो हुतो. आता परत एकापासनं मोजाय लागंल."

हरणाबाई किंचाळून मागे सरकली. खरं काय ते पटवायला दोन माणसं आणि एक तांब्या पाणी लागलं. पटल्यावर ती आधी हसली, मग भावाच्या गालावरून हात फिरवला, आणि मग वळून मास्तरांकडे अशी बघायला लागली की मास्तर खांबाच्या आड झाले.

लालासाहेब उभे राहिले. "मास्तर, तुमाला मानतो म्हणून जास्त बोलत न्हाई. पर जिता मानूस मारणारा डबा आमाला नगं. शिवतेज, ह्यातली मराठी काढ. उद्यापासनं तू बस."

विजयमाला खुर्चीतून उठली. हळूच उठली, जशी काही ती खुर्ची दुसऱ्या कुणाची होती. मास्तरांनी तिचा चेहरा पाहिला. दोन वेळा तिला इंग्रजीने पाडलं होतं. तिसऱ्या वेळी तिला मराठीने पाडलं होतं, आणि ती मराठी त्यांची होती.

"सुभेदार, चूक तिची नाही," ते पुढे येऊन म्हणाले. "शब्द माझे आहेत. पण चूक झाली कुठे तेच मला कळत नाही. मूळ इंग्रजीत तसंच लिहिलं होतं. मी तर उलट त्या डच माणसाचं कौतुक केलं, की माणूस गेल्यावर पुस्तकं परत मागायची, हे याला बरं सुचलं."

"कुठला शब्द होता मूळ, मामा?" पुष्करने विचारलं.

"एक्स्पायर्ड."

पुष्करने कपाळाला हात लावला. पण तो काही बोलायच्या आत लालासाहेब पुतण्याकडे वळले. "व्हय रं, तू कोर्स केलाईस. त्याचा अर्थ काय?"

"मेला," शिवतेज छाती काढून म्हणाला. "एक्स्पायर झाला म्हंजी मेलाच की काका. दवाखान्यात डॉक्टर तसंच सांगत्यात."

"तेच मी म्हणतो," मास्तर म्हणाले. आपल्या बाजूने कुणीतरी आहे याचं त्यांना त्या स्थितीतही बरं वाटलं.

विजयमाला मात्र थबकली होती. "सर, त्याचं स्पेलिंग सांगा बरं."

मास्तरांनी एकेक अक्षर सांगितलं. ती ऐकत ऐकत मागच्या कपाटाकडे गेली, खालच्या फळीवरून एक बाटली काढली आणि टेबलावर आणून ठेवली. पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून मारायचं औषध होतं ते. तिने बोट लावून लेबलावरची अक्षरं वाचली. ई, एक्स, पी, आय, आर.

"हे बी तेच हाय न्हवं? पुढं तारीख हाय. ह्या तारखेनंतर औषध मारलं तर वाळवी मरत न्हाई, हे मला अनुभवानं ठावं हाय." तिने बाटली उचलून सगळ्यांना दाखवली. "आता मला सांगा, वाळवीचं औषध कैलासवासी झालं आसं कोन म्हनतं का? मुदत संपली म्हनत्यात."

बॅटरीचा डबा तेवढा पीप म्हणाला.

"एकतीस मार्चाला ह्या ब्याण्णव जणांच्या सभासदपणाची मुदत संपली, बाकीच्यांनी दोन वर्सांची वर्गणी भरलीया," ती पुढे म्हणाली. "हितं जूनच्या आधी नवा अर्ज कुनी भरत न्हाई, गावाची रीतच हाय. पिंगळा तेच सांगत हुता बिचारा. सुभेदार मेलं न्हाईत, त्यांनी अर्ज भरला न्हाई."

आधी केरबा मामा हसले. मग हरणाबाई. मग हसू मांडवभर पसरलं, आणि लालासाहेबांनी ते बराच वेळ मिशीत दाबून धरलं, पण सुटलंच. मास्तर हसले नाहीत. ते त्या बाटलीकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी तो शब्द दुखवट्याच्या पत्रांतच वाचला होता. बाटल्यांवरचं त्यांनी कधी वाचलंच नव्हतं.

"पर आता हे बदलायचं कसं?" लालासाहेब म्हणाले. "हालंडला पत्र धाडायचं?"

"कशाला?" पुष्कर पुढे झाला. "याचं पोट उघडंच आहे. वाक्य इथेच बदलू. ताई, तुम्हीच बसा."

"बॅटरीत पाच मिन्टं उरल्याती," शिवतेज घड्याळ बघत म्हणाला. गड्याने आता हाताची घडी सोडली होती.

विजयमाला पुन्हा खुर्चीत बसली. पुष्करने भाषांतराची फाईल उघडून दिली. तिने मास्तरांची ती ओळ शोधली, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. एका बोटाने, चिठ्ठ्या चिकटवलेल्या कळा शोधत, तिने 'हे कैलासवासी झाले आहेत' पुसलं, नावाआधीचं 'कै.' पुसलं, कुटुंबीयांना रजा दिली, आणि लिहिलं: 'मुदत संपली आहे. नवा अर्ज भरावा.' पुष्करने दोन कळा दाबून पिंगळा पुन्हा सुरू केला. तिने लालासाहेबांचं नाव घातलं.

मास्तरांच्या हातात माइक नव्हता. विजयमालानेच मोठ्याने वाचलं, "सभासद सुभेदार लालासाहेब शेडगे, मुदत संपली आहे. नवा अर्ज भरावा."

"आण अर्ज," लालासाहेब म्हणाले. "गाव जिवंत व्हायच्या आत अध्यक्ष जिवंत व्हाया पायजे."

मग रांगच लागली. खडकेवाडीच्या इतिहासात एप्रिलमध्ये अर्ज भरायला रांग लागल्याची ही पहिलीच वेळ. मरणातून परत यायचं असलं की माणूस रीतभात बघत नाही. हरणाबाईनेही एक अर्ज मागितला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती म्हणाली, "नातीकडनं वाचून घीन. पुन्ना कधी ह्यो मेला तर मला आधी ह्या पोरीकडनं कळाय पायजे, कर्ण्यावरनं नगं."

बॅटरीची शेवटची पीप झाली तशी विजयमालाने घाईने प्रोग्राम संपवला. पडद्यावर एकच शब्द उमटला.

"येतो," लालासाहेबांनी वाचलं. "येतो? कवा येतो? टाईम सांग म्हनावं त्याला."

"ते बदलायचं न्हाई सुभेदार," विजयमाला म्हणाली. "त्यो आपला म्हणून तसं म्हणतोय." आणि तिने खुर्ची टेबलाशी ओढून घेतली, तशी उद्या सकाळी येऊन बसणाऱ्याने घ्यावी. लालासाहेबांनी ते पाहिलं. मग शिवतेजला म्हणाले, "गड्या, ती बॅटरी दुरुस्त करून आण साताऱ्यासनं. आनि बाईंच्या हाताखाली शिकून घे जरा."

पुष्करने सगळ्या ओळी हॉलंडला धाडल्या. जूनमध्ये नवी आवृत्ती आली, तिच्याबरोबर एक यादी होती. जगभरातल्या भाषांतरकारांची नावं त्यात इंग्रजी अक्षरांत छापलेली. मराठीपुढे दोन नावं होती. मास्तर तो कागद घेऊन स्वतः खडकेवाडीला गेले. या वेळी गोदावरीबाईही बरोबर होत्या, यांना एकटं सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

विजयमालाने कागद खिडकीजवळ नेला. बोट लावून एकेक अक्षर वाचत गेली. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग डोळे पुसले.

"सर, आता इंग्रजीत पास झाले म्हनायचं का?"

"तू पास झालीस," मास्तर म्हणाले. "नापास कोण झालं ते गावाला माहीत आहे."

त्यांना फार भरून आलं होतं. विषय बदलावा म्हणून त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि रुबाबात टेबलावर ठेवलं. "हे आमच्या नावावर लिही. बत्तीस वर्षांचा सभासद आहे मी इथला."

विजयमालाने नाव टायपलं. कळ दाबली. पडदा जरा थांबला, 'कृपया बसून घ्यावे' म्हणाला, म्हणून मास्तर बसले. मग ओळ आली:

'सभासद गंगाधर किकलीकर, मुदत संपली आहे.'

मास्तरांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. चौसष्ट वर्षांच्या माणसाला असं तोंडावर सांगितलेलं त्यांनी याआधी ऐकलं नव्हतं.

"विजयमाला," ते शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्यापुरतं ते कैलासवासीच ठेवलं असतंस तर बरं झालं असतं गं."

"मी छत्तीस वर्षं सांगतेय," गोदावरीबाई मागून म्हणाल्या. "पण यंत्राने सांगितल्याशिवाय यांना काही पटत नाही. दे गं बाई अर्ज."

मास्तरांनी निमूट पेन उघडलं आणि तिथल्या तिथे अर्ज भरून दिला. आयुष्यात खरोखर हातावेगळं केलेलं त्यांचं हे पहिलंच काम.